कांपोतच्या लाल वाटांवर

कंबोडियाच्या दक्षिण किनाऱ्यावरील कांपोत प्रांत पाहण्यासाठी मी दिवसभराकरिता मोटोडॉप, म्हणजे चालकासह भाड्याची मोटारसायकल ठरवली. शहराबाहेर मिठागरे लागली. उथळ वाफ्यांत कोंडलेले समुद्राचे पाणी उन्हाने आटताना पाहून मला उरणची आठवण झाली. पुढे लाल मातीच्या वाटेने, भातखाचरांमधून आम्ही फ्नोम छ्‌न्गोक टेकडीपाशी पोहोचलो. तिथल्या चुनखडीच्या गुहेत ७व्या शतकातील विटांचे लहानसे शिवमंदिर अजून उभे आहे. इतक्या दूर, डोंगराच्या पोटात शंकराचे देऊळ पाहून माझे हात आपोआप जोडले गेले.

परतीच्या वाटेवर चालकाने न सांगताच मिरीच्या मळ्यापाशी गाडी थांबवली. काळी, लाल आणि पांढरी मिरी एकाच वेलीची असते: हिरवे दाणे वाळवले की काळी, पिकलेले वाळवले की लाल आणि पिकलेल्यांची साल काढली की पांढरी. कांपोतच्या मिरीला २०१६ मध्ये युरोपीय संघाचे भौगोलिक मानांकन मिळाले. जवळच ब्रातेक क्रोला तलाव आहे. ख्मेर रूज या कट्टर साम्यवादी गटाच्या १९७५ ते १९७९ च्या जुलमी राजवटीत तो लोकांकडून वेठीने खणून घेतला गेला, आणि त्याच्या बांधावरून जाताना आम्ही दोघेही काही बोललो नाही.