नवा पट्टा, जुनी चूक

आज कराटेच्या परीक्षेनंतर तपकिरी पट्टा मिळाला आणि इतक्या वर्षांच्या सवयीनंतरही तो बांधताना त्याची दोन्ही टोके लहानमोठीच राहिली. नवा पट्टा पुठ्ठ्यासारखा कडक असतो, गाठ धरत नाही, हे झाले निमित्त. खरे तर हात थरथरत होते. पुढच्या सरावात पांढऱ्या पट्ट्याच्या एका नवशिक्या मुलाने माझ्या पोटात सरळ ठोसा लगावला, कारण माझे सारे लक्ष स्वतःच्या कमरेकडे होते. सरांनी फक्त भुवई उंचावली.

ज्यूदोचे जनक कानो जिगोरो यांनी १८८२ मध्ये कोडोकान ही ज्यूदोची शाळा स्थापन केल्यावर ज्यूदोत ‘दान’ श्रेणी (आजच्या काळ्या पट्ट्याच्या पायऱ्या) सुरू केल्या आणि कराटेचे गुरू फुनाकोशी गिचिन यांनी १९२४ मध्ये कराटेत पहिल्यांदा त्या दिल्या. म्हणजे जिला आपण प्राचीन परंपरा समजतो, ती पद्धत दीडशे वर्षांचीही नाही. तरीही तिचा उपयोग मला नाकारता येत नाही, कारण समोरच्यावर किती जोर लावायचा, याचा अंदाज पट्ट्याच्या रंगावरून क्षणात येतो. काळ्या पट्ट्याच्या पहिल्या श्रेणीला जपानीत ‘शोदान’ म्हणतात आणि त्यातल्या ‘शो’चा अर्थ आरंभ असा आहे. माझा तर तोही अजून व्हायचा आहे. उद्या त्याच मुलाबरोबर सराव मागून घेणार आहे.