कस्टम्सला कळवून घरी केलेली गव्हाची बिअर

जर्मनीत घरी बिअर करायची तर आधी कस्टम्सच्या कार्यालयाला कळवायचं असतं, हे बिअर करायचं तयार किट मागवल्यावर समजलं आणि माझ्या पोटात गोळाच आला. आपल्याकडे या विषयात सरकारला कळणं म्हणजे काय ते लातूरच्या माणसाला वेगळं सांगायला नको. छापा, उलटी केलेली पिंपं आणि दुसऱ्या दिवशी पेपरात ‘गूळमिश्रित रसायन नष्ट’ अशी बातमी.

जमेल तशा जर्मनमध्ये चार ओळी लिहून पाठवल्या. कुठल्या पत्त्यावर करणार, वर्षाला अंदाजे किती करणार. उत्तर आलं: नोंद घेतली आहे, फक्त स्वतःच्या घरासाठी करा, विकू नका. संपलं. तपासणी नाही, फी नाही, ‘साहेब रजेवर आहेत, सोमवारी या’ नाही. तेव्हा वर्षाला 200 लिटरपर्यंत करमाफी होती, 2024 पासून ती 500 लिटर झाली.

ते पत्र मी व्हिसाच्या कागदांसोबत फाईलला लावून ठेवलं आहे. घरात हसतात, हसू देत. मी या देशाची नागरिक नाही, माझं जर्मन अजून अडखळतं, आणि तरी एका सरकारी कार्यालयाने माझ्या शब्दावर विश्वास ठेवला. माझ्या स्वयंपाकघरात मोजायला कोणीही येत नाही. किती केली ते मीच वहीत लिहिते आणि खरं तेच लिहिते. कुणी आपल्यावर इतकं सोडलं की खोटं लिहायला हात धजत नाही. आपल्याकडे साध्या दाखल्यासाठी मी घातलेले खेटे आठवले की वाटतं, आपण आपल्याच माणसांना आधी चोर समजून सुरुवात का करतो?

पण या लोकांना फार डोक्यावर घ्यायचंही कारण नाही. मी राहते त्या इंगोलश्टाटमध्येच 1516 साली बव्हेरियाच्या दोन ड्यूकांनी, चौथा विल्हेल्म आणि दहावा लुडविग या भावांनी, बिअरमध्ये फक्त बार्ली, हॉप्स (कडवटपणा देणारी फुलं) आणि पाणी असावं असा हुकूम काढला होता. गव्हाला त्यात जागाच नव्हती. गहू पावासाठी राखायचा होता. मात्र गव्हाच्या बिअरचा खास हक्क एका सरदार घराण्याकडे राहिला. ते घराणं 1602 मध्ये खुंटलं आणि ड्यूक माक्सिमिलियानने तो हक्क थेट स्वतःच्या खजिन्याकडे वळवला. पुढे पिढ्यान्‌पिढ्या तो राजघराण्याचीच मिरास होता. म्युनिकच्या गेऑर्ग श्नायडरला ही बिअर करायची मोकळीक मिळाली तेव्हा 1872 साल उजाडलं होतं. म्हणजे प्रजेवर विश्वास टाकायला यांनाही काही शतकं लागलीच.

आता किटबद्दल, कारण मैत्रिणी तेच विचारतात. डब्यात गव्हाच्या आणि बार्लीच्या माल्टचा, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याचा, काकवीसारखा दाट अर्क येतो, हॉप्सचा कडवटपणा त्यात आधीच उतरवलेला असतो. डबा गरम पाण्यात ठेवून अर्क सैल करायचा, झाकणाच्या मोठ्या बादलीत ओतायचा, गरम पाण्यात नीट विरघळवून वर गार पाणी घालत 20 लिटरपर्यंत आणायचा. कागदावर सोबत किलोभर साखर घाला असं लिहिलेलं असतं. मी त्याऐवजी गव्हाच्या माल्टची पावडर घालते. साखरेने बिअर पांचट होते. तापमान 25 अंशांच्या खाली आलं की यीस्ट भुरभुरायचं. या सगळ्याआधी बादली, चमचा, नळी, जे जे बिअरला लागेल ते निर्जंतुक करायचं. यात कुचराई चालत नाही.

दुसऱ्या दिवशी झाकणावरच्या नळीतून बुडबुडे निघायला लागतात आणि खोलीभर पिकल्या केळ्याचा आणि लवंगेचा वास पसरतो. बादलीत केळंही नसतं आणि लवंगही नसते, ही सगळी यीस्टची करणी. केळ्यात जो सुगंधी पदार्थ असतो तोच हे खास गव्हाच्या बिअरचं यीस्ट तयार करतं, आणि खोली उबदार असेल तर जास्तच करतं. वर तपकिरी ठिपक्यांचा पिवळट फेस चढतो, मग तो खाली बसतो. बिअरची घनता मोजणाऱ्या हायड्रोमीटरचा आकडा 1.050 च्या आसपास सुरू होऊन 1.012 पर्यंत उतरतो. तो सलग दोन-तीन दिवस जागचा हलला नाही की मगच बाटल्या भरायच्या. घाई केली तर आत राहिलेल्या साखरेच्या वायूने बाटली फुटू शकते. खालच्या मजल्यावरच्या आजोबांनी त्यांच्या तळघरातल्या तारेच्या बुचाच्या जुन्या बाटल्या मला स्वतः घासून आणून दिल्या. पुढे बाटलीत दोन आठवडे उबेत, मग गारव्यात. प्यायच्या वेळी तळाची यीस्टही हलवून ग्लासात घ्यायची, गव्हाची बिअर गढूळच असते.

मी धान्य शिजवायची पूर्ण पद्धत न धरता किटच का वापरते? पाण्यामुळे. धान्यापासून केली की तो रस उकळावा लागतो आणि मग झटपट गार करायला नळ सोडून ठेवावा लागतो. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली तेव्हा मी तिथेच कॉलेजात होते. पहिल्या गाडीने 5 लाख लिटर पाणी आणलं. पाणी भरायच्या ठिकाणी त्या उन्हाळ्यात जमावबंदी लागली होती. त्याच महिन्यात औरंगाबाद खंडपीठाने मराठवाड्यातल्या दारू-बिअरच्या कारखान्यांच्या पाण्यात मोठी कपात करायला लावली, मे महिन्यात ती 60 टक्क्यांवर गेली. घागर घेऊन रांगेत उभं राहिलेलं माणूस नळ सोडून नुसतं बघत बसू शकत नाही. किटला 20 लिटर आणि धुण्याचं पाणी पुरतं, आणि शेवटच्या खळबळणीचं पाणी मी फरशीला वापरते.

आईला हे सगळं फोनवर सांगितलं.

“कामून करायलीस गं हे? तिथं मिळत नाही का?”

“मिळते की आई. पण हे नुसतं आंबवणं आहे. येळवशीची आंबील नाही का आपण बिंदग्यात आंबवत?”

येळवशी म्हणजे आमच्याकडची वेळ अमावस्या आणि बिंदगं म्हणजे घडा. आई थोडी थांबली आणि म्हणाली, “आंबील आंबतीच की. पण ती पिऊन कुणी बायकोला मारलेलं मी काही बघितलं नाही.”

आमच्या गावात आडव्या बाटलीचं मतदान झालं तेव्हा आई घरोघर फिरली होती. निम्म्याहून अधिक मतदारांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला की दुकान बंद, एवढं त्या बायकांना पक्कं ठाऊक होतं आणि त्यांनी ते करून दाखवलं. त्यांच्यापुढे ‘युरोपातही पूर्वी बायकाच घरी बिअर करत’ हे माझं म्हणणं टिकत नाही, खरं असलं तरी. तरीही मला यात लाज वाटत नाही. पाच टक्क्यांची अर्धा लिटरची बाटली, जेवणासोबत, आणि तिच्यासाठी महिनाभर वाट पाहिलेली. माझ्या घरात यातून कुणाचंही काही बिघडलेलं नाही. आई हे ऐकून घेते. पटलं असं ती म्हणत नाही आणि मी आता तसा हट्टही धरत नाही.

येताना बॅगेत एक किट घेऊन ये, असं तिकडून दोघा-तिघांनी कळवलं आहे. आणणार नाही. 1949 च्या दारूबंदी कायद्याने आपल्याकडे परवान्याशिवाय घरी एक बाटलीही करता येत नाही, प्यायलासुद्धा परवाना लागतो. इथला कायदा पाळते म्हणून अभिमानाने फाईल दाखवायची आणि तिथला मोडायचा, हे माझ्याच्याने होणार नाही. शिवाय ती बॅग उघडणार आईच्या घरात.