अजून ठेवलं नाही

सोमवार, रात्री साडेदहा

आज मी खोटं बोलले. देवळाच्या पायऱ्यांवर, चपला घालता घालता. वरच्या मजल्यावरच्या वहिनींनी विचारलं, "नातीचं नाव काय ठेवलं हो?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "अजून ठेवलं नाही. परवा बारसं आहे ना."

नाव ठेवून सात दिवस झालेत. तिकडे जर्मनीत आठवड्याच्या आत जन्माची नोंद करावी लागते. तिसऱ्याच दिवशी चिरंजीवांनी फोटो पाठवला आणि खाली एकच शब्द, माटिल्डा. मी हात जोडल्याचं चित्र पाठवलं आणि फोन पालथा ठेवला.

घरी येऊन गवार मोडायला बसले. अर्धा किलो गवार संपली तरी मनातलं संपेना. एवढं साधं उत्तर द्यायला जीभ का अडली? नाव काही वाईट नाही. सूनबाईंवर राग आहे म्हणावं तर तोही नाही. मला विचारलं नाही, एवढंच. नुसतं विचारलं असतं तरी मी "तुम्हाला आवडेल ते ठेवा" म्हटलं असतं, हे मलाही ठाऊक आहे आणि त्यालाही. तरीपण विचारायचं असतं.

फोनवर तो म्हणाला होता, "आई, तिच्या आजीचं नाव आहे ते." तिच्या म्हणजे सूनबाईंच्या. ते ऐकल्यावर जास्तच टोचलं. आजीचं नाव नातीला द्यायची रीत आपल्याकडे काय कमी आहे? यांच्या आईचं नाव होतं. माझ्या आईचं होतं. आईचं तर किती सुंदर होतं, आणि आता ते कुणाच्याच तोंडी नाही. जाऊ दे.

तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. नाव नुसतं नाकारून बसणं माझ्या स्वभावात नाही. दुपारी झोप येईना, तेव्हा चष्मा लावून वाचायला घेतलं आणि पाच वाजले तरी उठले नाही.

जुन्या जर्मन भाषेतले दोन शब्द आहेत त्यात. पहिला 'माख्त', म्हणजे बळ. आजच्या जर्मनमध्येही तो जवळपास तसाच आहे. दुसरा 'हिल्ट', म्हणजे लढाई. रणातलं बळ. अडीच किलोच्या जिवाला हे नाव! त्या लोकांत मुलींची नावं अशीच असायची म्हणे. हिल्डेगार्ड, ब्रुनहिल्ड, गेरट्रूड, सगळ्यांत कुठे ना कुठे लढाई किंवा भाला. आपण मुलीला फुलांची, नद्यांची नावं देतो, फार तर दुर्गा.

आणि मग मला ती राणी सापडली. जर्मनीतल्या सॅक्सनी भागातली, जन्म 895च्या आसपास. लहानपणी तिला आजीने वाढवलं. ती आजी हेरफोर्डच्या मठाची प्रमुख होती आणि तिचंही नाव माटिल्डा. म्हणजे नातीकडे आजीचंच नाव आलेलं. ही नात पुढे राजा हाइनरिशची राणी झाली. 936 मध्ये तो गेला, तेव्हा तिने क्वेडलिनबुर्गला स्त्रियांचा मठ उभा केला. पुढे मुलांशी बिनसलं. आई दानधर्मात पैसा उडवते, ही त्यांची तक्रार. तिच्या जुन्या चरित्रात लिहिलंय की माय-लेकात समेट घडवून आणला तो थोरल्या सुनेने. ती सून इंग्लंडहून आलेली, परक्या देशाची, परक्या बोलीची.

हे वाचून मी चष्मा काढला आणि थोडा वेळ तशीच बसून राहिले.

पुढचं तर आणखी. थोरल्या मुलाने, ऑटोने, आपल्या मुलीचं नाव माटिल्डाच ठेवलं. पुन्हा आजीचं नाव नातीला. ती नात 966 मध्ये, अकरा वर्षांची असताना, आजीने उभारलेल्या मठाची प्रमुख झाली. विडुकिंड नावाच्या साधूने सॅक्सन लोकांचा इतिहास लिहिला तो तिला अर्पण केला. तिचा भाचा सम्राट इटलीत गेला, तेव्हा मागे कारभार पाहिला तो हिनेच. 999 मध्ये ती वारली आणि तिला त्याच मठाच्या चर्चमध्ये आजी-आजोबांच्या शेजारी पुरलं. राणीची दगडी शवपेटी अजून तिथल्या तळघरात आहे. हजार वर्षं झाली, आजी आणि नात एकाच नावाने एकमेकींजवळ आहेत.

बाकीच्याही बऱ्याच आहेत. कानोसाच्या किल्ल्याची मालकीण माटिल्डा. 1077 च्या जानेवारीत तिच्याच दारात जर्मन राजा तीन दिवस बर्फात उभा होता, पोपची क्षमा मागायला. इंग्लंडच्या गादीवर हक्क सांगणारी माटिल्डा, 1142 च्या थंडीत वेढा पडलेल्या ऑक्सफर्डच्या किल्ल्यातून बर्फावरून निसटली ती. माटिल्डे फ्रान्सिस्का आनेके, जिने 1848 मध्ये कोलोनला स्त्रियांचं वर्तमानपत्र काढलं आणि पुढे अमेरिकेत मिलवॉकीला मुलींची शाळा चालवली. त्या शाळेवर तर स्वतंत्र लिहायला हवं, पण आज नको.

कारण आज मन अडकलं ते वेगळ्याच बाईपाशी. त्या ऑक्सफर्डच्या माटिल्डाच्या आईपाशी. ती स्कॉटलंडच्या राजाची मुलगी, जन्मनाव ईडिथ. 1100 च्या नोव्हेंबरात इंग्लंडच्या पहिल्या हेन्रीशी तिचं लग्न झालं आणि ईडिथची माटिल्डा झाली. ईडिथ हे जुन्या इंग्रजांचं नाव, आणि राज्य नॉर्मन सरदारांचं. त्यांच्या कानाला सासरचं नाव बरं. तिच्या सासूचं नावही माटिल्डाच होतं.

तिला कुणी विचारलं असेल?

माझ्या लग्नात ताटात तांदूळ पसरले होते. यांनी अंगठीने त्यात नाव लिहिलं आणि सगळ्या बायका वाकून वाचायला लागल्या. मी सर्वांत शेवटी वाचलं. चांगलंच होतं, आता तर तेच माझं आहे, पेन्शनच्या कागदांवरही तेच आहे. पण वीस वर्षं ज्या नावाला "ओ" दिली ते त्या तांदळांबरोबर गोळा करून कुठे ठेवलं, ते मी विचारलं नाही. आई होती तोवर ती त्या नावाने हाक मारायची. तिच्यामागे कुणी नाही.

म्हणजे आठ दिवस जे आत खुपतंय ते माटिल्डाचं नव्हेच. मला विचारलं नाही हे दुखणं पंचेचाळीस वर्षांचं आहे, आणि मी ते दहा दिवसांच्या पोरीच्या नावावर काढत होते. तिचं नाव कुणी तिच्याकडून काढून घेतलेलं नाही. उलट एका आजीचं नाव मागे राहून जात होतं, ते पुन्हा घरात हाकेला आलं. ती आजी मी नाही. नसू दे.

हे लिहिताना अजूनही थोडं लागतंय. खोटं कशाला लिहू.

संध्याकाळी लेकीला फोन केला. बारसं व्हिडिओवरच, तरी आत्या म्हणून बाळाच्या कानात कुर्र तीच करणार. मी म्हटलं, "नाव तेच सांगायचं हं, आपलं दुसरं काही चिकटवायचं नाही." ती क्षणभर गप्प झाली, मग म्हणाली, "आई, तू बरी आहेस ना?" मग आम्ही दोघींनी उच्चार घोटला. लिहिताना त्यात टीनंतर एच येतो, पण तो उच्चारायचा नाही. थ नाही, ठ नाही, साधा ट. माटिल्डा. पाळण्याच्या गाण्यात ते नाव बसतं का तेही म्हणून पाहिलं. 'जो जो रे'च्या आधी जरा ओढून म्हटलं की बसतं.

मग चिरंजीवांना विचारलं, सूनबाईंच्या आजीला घरात काय म्हणायचे? लगेच उत्तर आलं, "टिल्डा. का गं?"

परवासाठी हरभरे उद्या रात्री भिजत घालायचे आहेत. सकाळी वहिनींना घुगऱ्यांचं बोलावणं करायला वर जाईन. त्या नाव विचारायच्या आत मीच सांगेन.