वारसा, विरासत आणि मिरास

वडील गेल्यानंतर फेरफारासाठी कागद गोळा करताना आजोबांच्या लोखंडी पेटीत निजामाच्या राजवटीतली एक नक्कल सापडली. घड्यांवर कागद विरला होता आणि मजकूर सगळा उर्दूत होता. निलंगा तालुक्यातल्या आमच्या गावात तो वाचू शकणारे, उर्दूतून शिकलेले एकच वृद्ध गृहस्थ उरले आहेत. ओळीवरून बोट फिरवता फिरवता ते एका शब्दापाशी थांबले आणि म्हणाले, "हे बघ बाळा, विरासत. म्हणजे तुमच्या वारसाचं प्रकरण."

वारस, वारसा आणि विरासत हे तिन्ही शब्द एकाच अरबी धातूचे आहेत, हे मला ठाऊक होते. पण मिरास, म्हणजे वंशपरंपरेने चालणारा जमिनीचा हक्क, हा शब्दही त्याच धातूला 'म' जोडून झालेला आहे, हे कळले तेव्हा मी चकित झालो. आपल्याकडचा मिरासदार दुष्काळात परागंदा झाला, तरी कित्येक वर्षांनी परतून, थकलेला सारा भरून आपल्या जमिनीवर हक्क सांगू शकत असे. उपऱ्याला, म्हणजे असा हक्क नसलेल्या कुळाला, ती सोय नव्हती. इस्लाममध्ये ईश्वराच्या नावांपैकी एक 'अल्-वारिस' आहे, आणि त्याचा अर्थ सगळे गेल्यावरही जो उरतो तो. वारस म्हणजे मिळवणारा, असे आपण सहज समजतो. मला मात्र मागे उरणारा हाच अर्थ अधिक खरा वाटतो.

वारशासाठी संस्कृत शब्द 'दाय'. तो 'देणे' या धातूपासून आला. आमच्या गावापासून फार दूर नसलेल्या कल्याणी नगरीत, म्हणजे आजच्या बसवकल्याणात, चालुक्य राजा सहाव्या विक्रमादित्याच्या काळात विज्ञानेश्वराने मिताक्षरा ही याज्ञवल्क्यस्मृतीवरची टीका लिहिली आणि पूर्वजांच्या संपत्तीवर मुलाचा हक्क जन्मानेच येतो, असा सिद्धान्त मांडला. म्हणजे दायाची सुरुवात जन्मापाशी, तर वारशाची मृत्यूनंतर. मराठीच्या रोजच्या बोलण्यात दाय टिकला नाही आणि कचेरीतून आलेला वारसा घराघरांत रुजला.

पुढे हाच शब्द शेतजमिनीच्या बांधाबाहेर पडला. 1983 साली अजिंठा आणि वेरूळ जागतिक वारसा स्थळे ठरली. तिथे सहा-क या वारसांच्या नोंदवहीत कोणाचे नाव चढत नाही, म्हणून तो वारसा सगळ्यांचा. पण नाव कोणाचेच नसलेल्या वस्तूला आपण एसटी स्टँडवर बेवारस म्हणतो, हे लेण्यांच्या भिंतींवर कोरलेली नावे पाहताना मला फार खुपते.

आमचा फेरफार मंजूर झाला. माझ्या नावाबरोबर आईचे आणि दोन्ही बहिणींचेही नाव लागले. ती नक्कल आता कामाची उरलेली नाही. तरीही दर रविवारी सकाळी मी ती घेऊन त्या गृहस्थांच्या ओसरीवर जातो. वाव, रे, अलिफ, से, ते: एवढी पाच अक्षरे आता मला स्वतःला लागतात.