मेबलची तारीख काय?

मार्चपासून ठाण्याचा फोन आला की पहिला प्रश्न हाच. माझी ड्युटी कशी चाललीये, थंडी कमी झाली का, हे सगळं नंतर. मेबल म्हणजे लीड्समधल्या आमच्या घरमालकीणबाईंची बोआ, त्यांनी पाळलेली सापाची मादी. सहा फुटांच्या वर लांबी, सात किलोच्या आसपास वजन, स्वभावाने आमच्या गल्लीतल्या कुत्र्यांपेक्षा शांत. बोआ बिनविषारी, मूळची मेक्सिकोपासून दक्षिण अमेरिकेपर्यंतच्या पट्ट्यातली. इथे विषारी साप पाळायचा तर १९७६च्या कायद्याप्रमाणे कौन्सिलचा परवाना लागतो, बोआला तो लागत नाही. मी खोली घेतली तेव्हा हे सगळं आईला सांगून झालं होतं. तरी पहिले काही महिने ती "दार लावून झोपतेस ना?" विचारायचीच. मेबल गाभण असल्याचं कळलं आणि सूर एकदम बदलला. आता चौकशी लेकीपेक्षा तिची जास्त.

त्यात मी मॅटर्निटी वॉर्डची नर्स. आणि पाचपाखाडीला राहणारी माझी आत्या नौपाड्यातल्या एका प्रसूतिगृहात अख्खी नोकरी करून निवृत्त झालेली. तिच्या मते आमच्यासारख्यांना बाईची असो की सापाची, तारीख काढता यायलाच हवी. बाईचं सोपं आहे. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून नऊ महिने सात दिवस, म्हणजे २८० दिवस. आत्या हे बोटांवर करते आणि कॅलेंडर न बघता वारसुद्धा सांगते. एवढं करून नेमक्या त्या तारखेला शंभरातली चार-पाचच बाळं येतात, हे ती पेशंटला कधी सांगायची नाही. "सांगून काय, त्या बिचाऱ्यांनी बॅग भरून ठेवलेली असते."

सापाचं मोजायला सुरुवात कुठून करायची, हाच पहिला घोळ. सगळ्यांना वाटतं, नर-मादी एकत्र आले तो दिवस धरावा. तो धरून काही हाती लागत नाही. बाईंनी डिसेंबरात ओळखीतल्या एकाकडून नर आणला होता, तो फेब्रुवारीपर्यंत मेबलच्या टँकमध्ये होता. या काळात त्यांचं मीलन कितीदा झालं याचा हिशेब कुणी ठेवला नाही, ठेवून उपयोगही नव्हता. कारण मादी नराचं बीज पोटात बरेच दिवस साठवून ठेवू शकते आणि अंडी सुटतील तेव्हा वापरते. बोआच्या बाबतीत तर याहून अजब प्रकार नोंदलेला आहे. २०१०मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी एका बोआ मादीची दोन वेतांतली २२ पिल्लं तपासली, तर त्यांना बापच नव्हता. सगळ्या माद्या, आणि जनुकं फक्त आईची. आत्याला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "आमच्याकडे असं म्हणत आलेल्या बऱ्याच होत्या गं, पण तपासायला कुणी अमेरिकेहून आलं नाही."

तर मीलन सोडून द्यायचं आणि अंडी सुटण्याकडे लक्ष ठेवायचं. सुटणं म्हणजे घालणं नव्हे, ती पोटातल्या पोटात सुटतात; बोआ थेट पिल्लंच देते. ते डोळ्यांना दिसतं. फेब्रुवारीच्या शेवटी एका सकाळी मेबलच्या मधल्या भागात अंग असं फुगलं होतं की मला वाटलं, रात्री बाईंनी उंदीर दिला. पण तिने तर कित्येक आठवडे काही खाल्लंच नव्हतं. खाल्लेल्या भक्ष्याचा फुगवटा पोटाशी असतो आणि पचेल तसा हळूहळू विरतो. हा त्याहून मागे, अंगाच्या निम्म्या लांबीच्या आसपास, चारी बाजूंनी घट्ट, आणि ती त्या भागाला आखडून पडलेली. दुसऱ्या दिवशी बघितलं तर काही नाही. एक-दोन दिवस घराबाहेर असलात की हे हुकतं. पुष्कळ पाळणाऱ्यांचं हुकतंच.

म्हणून खरी भिस्त त्यानंतरच्या कातेवर. अंडी सुटल्यावर साधारण दोन ते तीन आठवड्यांनी बोआ कात टाकते, आणि तिथून पुढे शंभर ते एकशेवीस दिवसांत पिल्लं होतात. बहुतेकांचा अनुभव एकशेपाचच्या आसपासचा. कात टाकायच्या आधी काही दिवस डोळ्यांवर निळसर दुधाळ झाक येते, रंग मळकट होतो, मग झाक उतरते आणि त्यानंतर चार-पाच दिवसांत कात पडते. मेबलने बारा मार्चला कात टाकली. अख्खी, डोळ्यांच्या टोप्यांसकट, एका सलग पट्टीत. बाईंनी ती किचनच्या टेबलावर उलगडली, तारीख लिहिली आणि चहाच्या कपाने दाबून ठेवली. मी फोटो पाठवला.

आईने लगेच कालनिर्णय काढलं. बारा मार्चपासून शंभर दिवस म्हणजे वीस जून, एकशेपाच म्हणजे पंचवीस, एकशेवीस म्हणजे दहा जुलै. "म्हणजे आषाढीच्या मागेपुढे मोकळी होईल," असा निकाल देऊन तिने पंचवीस तारखेच्या चौकोनात बारीक अक्षरात ‘मेबल’ लिहिलं. खाली गॅस बुक केल्याची नोंद. आत्याला हे पसंत पडलं नाही. एका तारखेवर बोट ठेवणारी माणसं पुढे घाबरतात, असं तिचं म्हणणं, आणि मला ते पटतं. सापाच्या बाबतीत कुणी "अमुक दिवशी होणार" असं छातीठोक सांगत असेल तर त्याने थर्मामीटरकडे बघितलेलं नाही.

कारण बाईचं शरीर पोटातल्या बाळाला ठरलेल्या तापमानात ठेवतं. बोआला अंगची उष्णता नाही. ती बाहेरून मिळेल तेवढीच, आणि पोटातली पिल्लं त्या वेगानेच वाढणार. मेबलच्या टँकमध्ये एका टोकाला दिव्याखाली ३१-३२ अंश, दुसऱ्या टोकाला २६-२७. दोन्ही टोकं हवीत, कुठे पडायचं ते तिचं ती ठरवते. एरवी टँकभर फिरणारी ही बया एप्रिलपासून गरम टोक सोडेना. रंगही काळपट झाला, त्याने उष्णता जास्त शोषली जाते. गरम जागा कमी पडली तर दिवस लांबतात. उलट जरुरीपेक्षा जास्त तापवलं तर पिल्लं लवकर होतील म्हणून खूश व्हायचं नाही, त्यांच्यात व्यंग राहू शकतं. लीड्सचा एप्रिल म्हणजे आपल्याकडचा कुठलाच महिना नाही. एका रात्री वीज गेली आणि थर्मोस्टॅट, दिवा सगळं बंद. आम्ही दोघी पहाटेपर्यंत गरम पाण्याच्या बाटल्या बदलत बसलो. त्या रात्रीने तारीख किती सरकली हे मोजायचं कुठलंही गणित नाही. बाईंनी वहीत फक्त ‘वीज गेली’ लिहिलं.

ठाण्यात ही चिंता उलटी. तिथे मे महिन्यात टँकला हीटर नको, एसी लावायची वेळ येईल. पण तिथे मेबलची गरजच काय? येऊरच्या डोंगरात आणि घोडबंदर रोडच्या सोसायट्यांच्या मागे हेच काम घोणस करते, कुणी दिवा न लावता. घोणस अंडी घालत नाही, थेट पिल्लं देते. तिचे दिवस सहा महिन्यांच्या वर असतात आणि बहुतेक पिल्लं पावसाच्या तोंडाला, जून-जुलैत होतात. एका वेतात वीस-चाळीस सहज. पार्किंगमध्ये दर पावसाळ्यात "अजगराचं पिल्लू" म्हणून बादलीखाली झाकलेलं निघतं ते अनेकदा घोणसच असते, आणि तिचं पिल्लू पहिल्या दिवसापासून विषारी. तेव्हा बादली ठीक, पण हात नको. वनखात्याच्या १९२६वर फोन करा, नाहीतर जवळच्या सर्पमित्राला बोलवा.

आपल्याकडे फुरसं, हरणटोळ आणि मांडूळही पिल्लंच देतात. नाग, धामण आणि अजगर अंडी घालतात. अजगराची मादी अंड्यांभोवती वेटोळं घालून अंग थरथरवत त्यांना ऊब देते. म्हणून माझा काका मेबलला अजगर म्हणतो तेव्हा मी त्याला अडवते. अंगावरची नक्षी सारखी वाटली तरी बाळंतपण सर्वस्वी वेगळं. अंडी घालणाऱ्यांचं गणित कातेवरच चालतं, पण दिवस निराळे. बॉल पायथन अंडी घालण्याआधीची कात टाकतो तिथून महिनाभराने अंडी, कॉर्न स्नेक एक-दोन आठवड्यांत. एकाचा आकडा दुसऱ्याला लावला की बसा वाट बघत.

मे महिन्यात आत्याने डोहाळजेवणाचा घाट घातला. मी तिला सांगितलं, उत्सवमूर्ती जेवत नाही. या दिवसांत बोआ बहुधा तोंडच फिरवते, पोटात जागाही नसते. बाईंनी सुरुवातीला एक लहानसा उंदीर देऊन बघितला, तो तसाच परत आला, मग विषय सोडला. पाणी मात्र ताजं. शेवटच्या महिन्यात तिला उचलायचं नाही, पोट दाबून पिल्लं मोजायची तर अजिबात नाही. एक्स-रे काढावा का असं मी विचारलं होतं. हाडं दिसण्याइतकी झाली की दिसतात, पण ती तेव्हा दिसतात जेव्हा दिवस भरतच आलेले असतात. अडली असती तर नेलं असतं. नुसत्या कुतूहलापायी तिला गाडीत घालून फिरवण्यात मला तरी अर्थ दिसला नाही.

जून उजाडला तशी ती मागच्या बाजूने बेढब झाली. शेपटीच्या अलीकडचा तिसरा हिस्सा फुगलेला, खवले एकमेकांपासून सुटून मधली कातडी दिसायला लागलेली. मग वीस तारखेनंतर तिने गरम टोक सोडलं आणि रात्रभर टँकमध्ये येरझारा घालू लागली. शेपटी मध्येच उचलायची, तळाचा कागद नाकाने ढकलून एका कोपऱ्यात गोळा करायची. हे मला वॉर्डातून पाठ आहे. कळा सुरू व्हायच्या आधी बाईला एका जागी बसवत नाही. आत्याला व्हिडिओ दाखवला. तिने तारीख-बिरीख काही विचारलं नाही, एवढंच म्हणाली, "आता बघत बसू नका तिच्याकडे, दिवा बारीक करा."

अठ्ठावीस जूनच्या पहाटे झालं. मी नाइट ड्युटीवरून आले तेव्हा बाई टँकसमोर जमिनीवर बसलेल्या आणि मेबल जवळजवळ मोकळी झालेली. प्रत्येक पिल्लू एका पातळ पिशवीत असतं, भिजलेल्या साबुदाण्यासारख्या आरपार, आणि आत वेटोळं घातलेला नक्षीदार साप. ते नाकाने पिशवी फाडतं, तोंड बाहेर काढतं आणि बराच वेळ तसंच पडून राहतं. उरलेलं बलक पोटात ओढून घेतलं जाईपर्यंत त्याला हलवायचं नाही. एकवीस पिल्लं, आणि तीन पिवळट मेणचट गोळे, न फळलेल्या अंड्यांचे. एका पिल्लाला पिशवी फाडता येत नव्हती, ती बाईंनी ओल्या बोटाने उघडली. मेबल ढुंकून बघेना. आईपण वगैरे बोआकडे नसतं. पिल्लं जन्मल्यापासून आपापली असतात.

इथले सकाळचे सात म्हणजे ठाण्यात साडेअकरा. आई कुकर लावून बसलेली, तिने पहिलं विचारलं ते "पंचवीस चुकली का?" तीन दिवसांनी चुकली. बाई म्हणतात त्या वीज गेलेल्या रात्रीमुळे, मी म्हणते ती गेली नसती तरी असंच झालं असतं. हा वाद मिटणार नाही आणि मिटवायची गरजही नाही.

आता पिल्लं वेगवेगळ्या डब्यांत आहेत. आठवडा-दोन आठवड्यांत पहिली कात टाकतील, त्यानंतर पहिला घास. मग बाई ती ओळखीच्यांना देणार. कळव्याचा मावसभाऊ दोन दिवस मागे लागलाय, दिवाळीला येशील तेव्हा एक घेऊन ये म्हणून. घेऊन ये म्हणजे काय, पेढे आहेत का? बोआ साइट्सच्या, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात आहे. इथून निर्यातीचा परवाना, तिथे आयातीची परवानगी, आणि २०२२च्या दुरुस्तीनंतर वन्यजीव कायद्याखाली असा परदेशी प्राणी बाळगल्याची नोंदणी. पुढे त्याला पिल्लं झाली तर त्यांचीही. हे सगळं ऐकून तो म्हणाला, "मग फोटो तरी पाठव." पाठवलेत. आत्याने त्यातलं सगळ्यात बारीक पिल्लू निवडलंय, ते खातं का हे रोज कळवायचं आहे.