आमची वाटचाल : साध्या लागरपासून धण्याच्या लागरपर्यंत

छोट्या ब्रूअरीने लागरच्या, म्हणजे थंडीत सावकाश आंबवलेल्या बिअरच्या, नादी लागू नये, असं या धंद्यातले जुने लोक सांगतात. एल या बिअरच्या दुसऱ्या प्रकाराचं यीस्ट १८ ते २२ अंशांना भराभर काम उरकतं. लागरचं यीस्ट ८ ते १३ अंशांवर आपल्या चालीने आंबवतं आणि पुढे कित्येक आठवडे बिअर शून्याच्या आसपास नुसती मुरत पडते. तेवढे दिवस टाकी अडते, भांडवल अडतं, विजेचं बिल मात्र चालू. म्हणून आम्ही एलवर गिऱ्हाईक जमवलं आणि थंड टाक्या परवडायला लागल्यावरच इकडे वळलो.

साधी लागर अंगवळणी पडली तेव्हा तिच्यात आणखी काही घालण्याचा विचार सुरू झाला. बिअरमध्ये जव, हॉप्स (कडवटपणा आणि वास देणारी फुलं) आणि पाणी एवढंच, हा जर्मनीतल्या बव्हेरियातला नियम १५१६ सालचा. त्याआधी युरोपात तऱ्हेतऱ्हेच्या रानवनस्पती बिअरमध्ये पडत, म्हणजे ही टूम काही आजची नाही. बेल्जियममधल्या गव्हाच्या बिअरमध्ये धणे आणि संत्र्याची साल असतेच. पण ती एल. तिच्या यीस्टलाच फळांचा, लवंगेचा वास, त्यात मसाला खपून जातो. लागरमध्ये आडोसा नाही. चिमूटभर जास्त झालं की पहिल्याच घोटाला कळतं.

धण्यांपासून सुरुवात करण्याचं कारण, त्यांच्या सुवासातला लिनालूल हा घटक हॉप्समध्येही असतो, त्यामुळे दोघांचं पटतं. धणे भरड कुटून उकळीच्या अगदी शेवटी घालतो. आधी घातले तर वास वाफेबरोबर जातो. चहाच्या लागरसाठी पानं, बिअर मुरून झाल्यावर, तिच्यात थंडच भिजवतो, नाहीतर जीभ तुरट होते.

आमच्याकडे चव घेताना मसाल्याचा ग्लास सगळ्यात शेवटी येतो. आधी बिनमसाल्याची मूळ लागर. तिला लोण्याचा वास आला तर आंबवताना तयार होणारं डायअसेटिल हे रसायन राहिलंय, उकडलेल्या मक्याचा आला तर डीएमएस हे गंधकाचं संयुग. असली लागर मसाल्याखाली दडपून विकणारे आहेत. आम्हाला ते मंजूर नाही. मग तीन ग्लास, दोन सारखे, एक वेगळा, चिठ्ठी कशावरच नाही; वेगळा कोणता ते ओळखायचं. बिअर बर्फासारखी गार नको, ६ ते ८ अंशांना ठेवायची, नाहीतर वास उठत नाही.

मिरचीच्या लागरने मात्र ही पद्धत बदलायला लावली. घोटभर चाखली की सगळे खूश, पण ग्लास अर्धा होईपर्यंत घसा पेटलेला. तिखटपणा घोटागणिक साठत जातो आणि पाण्याने धुतलाही जात नाही. तेव्हापासून नव्या बॅचचा अख्खा ग्लास संपवल्याशिवाय कोणी मत द्यायचं नाही, आणि दुसरा मागावासा वाटला का, हे आधी विचारायचं. धणे त्यातून पार पडले, चहा काठावर पास झाला. मिरचीचा दुसरा ग्लास कोणीच मागितला नाही, म्हणून ती विक्रीला गेली नाही.