ट्रेबलचं सोवळं

ॲम्प्लिफायरच्या दर्शनी पट्टीवर बेस (खालचे स्वर) आणि ट्रेबल (वरचे स्वर) अशा दोन घुंड्या असतात, आणि त्यांना हात लावायचा नाही असा दंडक काही रसिक कसोशीने पाळतात. त्यांच्या घरी एखाद्या पाहुण्याने बेस जरा वाढवला, तर सोवळ्यात शिवल्यासारखा यजमानांचा चेहरा होतो. ‘सोर्स डायरेक्ट’चं बटण असलंच तर ते कायमचं दाबलेलं, म्हणजे गाणं घुंड्यांना वळसा घालून थेट पुढे जातं. दुसऱ्या टोकाची मंडळी दोन्ही घुंड्या पार उजवीकडे पिळून ठेवतात. त्यांच्याकडे बातम्या लागल्या तरी तावदानं थरथरतात.

गंमत म्हणजे दोघांचीही चूक एकच. घुंडी एकदा लावली की लावली, असं दोघंही धरून चालतात. वास्तविक ती घुंडी त्या वेळी लागलेल्या रेकॉर्डसाठी आणि त्या वेळच्या आवाजासाठी असते. गाणं बदललं की तीही बदलावी आणि गरज संपली की मध्यावर यावी.

सोवळेवाल्यांचं म्हणणं अगदीच निराधार नाही. टोन कंट्रोल, म्हणजे या दोन घुंड्या, हा आवाजाच्या वाटेतला आणखी एक टप्पा, त्याची थोडीफार खरखर आलीच. शिवाय डाव्या-उजव्या बाजूंचे दोन पॉट (घुंडीमागचे बदलते विद्युत रोध) एकाच दांड्यावर बसवलेले असतात आणि ते तंतोतंत जुळतातच असं नाही. ट्रेबल वाढवल्यावर गायिका मधली जागा सोडून किंचित डावीकडे सरकली, तर दोष पॉटचा. मध्यावरची ‘टक’ हाताला लागते खरी, पण तिथे पॉटचा विद्युत मध्य असेलच याची खात्री नाही. मात्र ‘मूळ ध्वनी जसाच्या तसा’ हा युक्तिवाद लंगडा आहे. स्टुडिओत प्रत्येक माइकचा आवाज याहून कितीतरी जास्त घुंड्यांतून गेलेला असतो, आणि कुठला स्वर किती मोठा येतो हे दाखवणारा चांगल्या स्पीकरचाही आलेख दोन-तीन डेसिबल खालीवर होतच असतो.

जुन्या रेडिओत ‘टोन’ नावाची एकच घुंडी असे आणि ती फक्त वरचे स्वर कापत असे. इंग्लंडच्या पीटर बॅक्सँडॉल यांनी ऑक्टोबर १९५२च्या ‘वायरलेस वर्ल्ड’ मासिकात जो आराखडा छापला, त्यात खालचे आणि वरचे स्वर वेगवेगळे वाढवता आणि कमीही करता येत, आणि घुंड्या मध्यावर आणल्या की आलेख सरळ. आजच्या बहुतेक टोन कंट्रोलचं मूळ तेच. कमी करण्याची ही सोय लोक विसरतात. काही खटकलं की आधी जे जास्त आहे ते कमी करून बघावं. आवाज दबलेला वाटला की आपला हात सवयीने ट्रेबलकडे जातो. पुष्कळदा बेस दोन डेसिबल उतरवला तरी शब्द मोकळे होतात.

घुंडी नेमकी कशाला हात घालते, ते तानपुऱ्यावरून चांगलं कळतं. पुरुष गायकाचा सा हार्मोनियमच्या काळी एक पट्टीचा धरा, म्हणजे सुमारे १३९ हर्ट्झ. जोडीच्या तारा तिथे, पंचमाची तार १०४ वर आणि खर्ज ६९ वर. माहितीपत्रकात ‘बेस: १०० हर्ट्झला अधिक-उणे १० डेसिबल’ असं छापलेलं असतं, ते जवळजवळ पंचमाच्या तारेवरच येऊन बसतं. आता गायिकेची काळी चार घ्या. सा २०८ वर जातो, आणि तानपुऱ्याचा खर्जच १०४ वर येऊन थांबतो. त्याच्याखाली डग्ग्याचा घुमार सोडला तर गाणं फारसं उरतच नाही. उरते ती विजेची ५० हर्ट्झची घूं आणि टर्नटेबलच्या मोटरची घरघर. अशा रेकॉर्डला बेस वाढवणं म्हणजे मुख्यतः घरघर वाढवणं. पुरुष आवाजाला वेगळाच त्रास होतो. घुंडी पार उजवीकडे नेली की तिचा परिणाम चारशे-पाचशे हर्ट्झपर्यंत चढतो, आवाज जडशीळ होतो आणि बोलांच्या कडा बोथट होतात.

जवारीचं, म्हणजे तानपुऱ्याच्या तारेच्या झणझणाटाचं, तेज मात्र ट्रेबलच्या हद्दीत येतं. घुंडीवर १० हजार हर्ट्झ लिहिलेलं असलं तरी ती दोन-तीन हजारांपासूनच काम सुरू करते, आणि तारेचे वरचे स्वरांश तिथेच असतात. किती वाढवावं याची खूण गाण्यातच सापडते. ‘स’ आणि ‘श’ टोचू लागले की एक पायरी मागे यावं. तुलना करताना एक काळजी घ्यावी. ट्रेबल वाढवलं की एकूण आवाजही किंचित वाढतो, आणि मोठं ते कानाला चांगलं वाटतं. म्हणून व्हॉल्यूम तेवढा कमी करून मगच काय ते ठरवावं.

टोन कंट्रोलचं खरं काम रात्री, घरातले झोपल्यावर. बेल लॅबच्या फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ साली दाखवून दिलं की आवाज लहान झाला की कान खालच्या स्वरांना जास्त मंद होतो. आजच्या प्रमाण आलेखांनुसार, १००० हर्ट्झचा सूर ८० डेसिबलवर असेल तर तेवढाच मोठा वाटायला १०० हर्ट्झच्या सुराला सुमारे ९२ लागतात. तोच सूर ४० वर आणला, तर १०० हर्ट्झला सुमारे ६४ लागतात. बाराचा फरक चोवीसवर गेला. म्हणून हळू आवाजात डग्गा हरवतो. वरच्या स्वरांत असा मोठा फरक पडत नाही, तेव्हा रात्री फक्त बेस वाढवावा, ट्रेबलला हात लावू नये. चार-पाच डेसिबल पुरतात. सगळी भरपाई करायला गेलात तर खालच्या मजल्यावरचे वर येतील. ‘लाउडनेस’चं बटण याच कामाचं, पण आपले स्पीकर किती आवाज देतात हे त्याला ठाऊक नसतं, त्यामुळे ते बहुधा अतिरेक करतं.

मोठ्या आवाजात हिशेब उलटा होतो. ३ डेसिबल म्हणजे दुप्पट शक्ती, १० म्हणजे दहापट. ५ वॉटवर निवांत चाललेल्या वीस वॉटच्या ॲम्प्लिफायरकडे बेस १० डेसिबलने वाढवून ५० वॉट मागितले, तर तो लाटांचे माथे छाटतो. त्या छाटलेल्या आवाजात वरचे स्वर फुकट तयार होतात आणि जळतो तो बिचारा ट्वीटर, वरच्या स्वरांचा छोटा स्पीकर. पाच इंची वूफरकडून, म्हणजे खालच्या स्वरांच्या स्पीकरकडून, ४० हर्ट्झचा सूर घुंडी पिळूनही निघत नाही, नुसता पडदा आतबाहेर धडपडतो. मोबाइलमधल्या इक्वलायझरचं तसंच. तिथे ६ डेसिबल वाढवायचे असतील तर आधी त्यातला प्रीॲम्प (एकूण पातळीची पट्टी) उणे ६ वर न्यावा, नाहीतर आवाज आतल्या आतच फुटतो.

खोलीचा दोष मात्र घुंडीने जात नाही. बारा फूट लांबीच्या खोलीत ४७ हर्ट्झच्या आसपासचा सूर दोन भिंतींमध्ये घुमत राहतो. तेवढ्यासाठी बेस उतरवला तर त्या एका सुराबरोबर चांगले शेजारीही जातात. आधी स्पीकर कोपऱ्यातून काढून भिंतीपासून दीड-दोन फूट पुढे घ्यावेत. फरशीवर सतरंजी टाकावी. बसायची खुर्ची मागच्या भिंतीला टेकलेली असेल तर तीही पुढे ओढावी. यानंतर जे उरेल ते घुंडीचं.

७८च्या तव्यांना, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या रेकॉर्डना, घुंडी हवीच. टर्नटेबलचा आवाज ॲम्प्लिफायरजोगा करणारा आजचा फोनो प्रीॲम्प १० हजार हर्ट्झला जवळजवळ १४ डेसिबल कापतो, कारण एलपीच्या खाचा कोरताना ते स्वर वाढवलेले असतात. जुन्या तव्यात बहुधा तसे वाढवलेले नसतात, म्हणून गाणं दबलेलं वाटतं आणि ट्रेबल चढवावं लागतं. ते चढवलं की सुईची खसखस वर येते, मग तडजोड. डॉल्बी (फितीची खसखस कमी करण्याची सोय) लावून भरलेली कॅसेट साध्या डेकवर कर्कश वाटते; तिथे ट्रेबल दोन-तीन डेसिबल उतरवलं की झालं. पण कॅसेट दबलेली वाजत असेल तर आधी डेकच्या हेडचा, म्हणजे फीत वाचणाऱ्या भागाचा, तिरकेपणा तपासावा.

घुंडी वर्षानुवर्षं न हलवल्याने वेगळंच दुखणं जडतं. पॉटच्या कार्बन पट्टीवर धूळ बसते, कोकणातल्या दमट हवेत पॉटच्या धातूच्या पायांवर गंज चढतो, आणि कधीतरी फिरवली की स्पीकर फरफरतो. वीज बंद करून पॉटच्या फटीत कॉन्टॅक्ट क्लीनरचा छोटा फवारा मारावा, घुंडी या टोकापासून त्या टोकापर्यंत वीस-पंचवीस वेळा फिरवावी आणि पुरतं सुकल्यावरच वीज लावावी. गंज सोडवायचं सर्वसाधारण तेल तिथे वापरू नये, त्याचा थर धूळ धरून ठेवतो. तरीही फरफर राहिली तर पॉट बदलायचा. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात जाताना जुना पॉट सोबत न्या आणि त्यावर छापलेलं रोधाचं मूल्य, लिनियर आहे की लॉग (घुंडीबरोबर रोध सारखा बदलतो की चढत्या प्रमाणात), डबल आहे का आणि दांड्याची लांबी, एवढं जुळवून घ्या.